हा पंप कुठं बसनार?

उबाळे मॅडम माझ्याकडे कामाचं विचारायला आल्या, तेव्हा मुलाखत त्यांनीच माझी घेतली. वर्कशॉप किती वर्षांचं, माणसं किती, माल कोणाला जातो, गेलेल्या मालाची नोंद कुठे असते. शेवटच्या प्रश्नाला मी म्हटलं, "बिलं आहेत की."

"बिलात पैसे कुठून आले ते असतं. माल कुठं बसला ते नसतं," त्या म्हणाल्या, आणि "बघते, उद्या सांगते" म्हणून छत्री उचलून निघून गेल्या.

मी तापट माणूस आहे, हे मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत कोणालाही विचारा. साठी ओलांडलेली बाई, पगार मी देणार, आणि ती मला उद्या सांगणार! दिवसभर माझं डोकं फिरलेलं होतं. दुसऱ्या दिवशी साडेनऊला मी वर्कशॉपवर पोचलो, तर बाई कोपऱ्यातल्या टेबलावरची धूळ ओल्या फडक्याने पुसत होत्या. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "घोलप शेठ, टेबलाचा एक पाय आखूड हाय. कागद नका घालू, लाकूड घाला."

त्या खर्डीच्या. आयुष्यभर संरक्षण खात्याच्या एका कारखान्यात स्टोअरला होत्या, मालाची तपासणी आणि नोंद हे काम. निवृत्त झाल्यावर घरी बसवेना म्हणून बाहेर पडल्या. खर्डीहून शहापूर, शहापूरहून मुरबाड, असा रोजचा प्रवास. एसटी आली नाही तर किन्हवलीकडून येणाऱ्या भाजीच्या टेम्पोत बसून येत, पण माझ्या आधी येत. अंगाने इतक्या बारीक, की स्टूलवर बसल्या तर पाय जमिनीला टेकत नसत. घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला. काळी रेक्झिनची पिशवी, त्यात तांदळाच्या भाकरीचा डबा, पट्टी, आणि दोन पेनं. निळं लिहायला, लाल फक्त खाली रेघ मारायला. लाल पेनाने त्यांनी कधी एक अक्षर लिहिलेलं मी पाहिलं नाही.

आता आमचा माल काय ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. आम्ही ॲसिड ओढायचे पंप बनवतो. साध्या पंपात मोटरचा दांडा पंपाच्या पोटात शिरतो, आणि जिथे शिरतो तिथून कधी ना कधी गळतं. आमच्या पंपात दांडा आत जात नाही. बाहेरचं लोहचुंबक फिरतं, त्याच्या ओढीने भिंतीपलीकडचं लोहचुंबक फिरतं. भोकच नाही, तर गळणार कुठून? टोकावड्याहून नेसत्या कपड्यांनिशी आलेला मी, लेथवर हेल्पर म्हणून लागलो आणि हा पंप स्वतःच्या हाताने शिकलो. पण बारा वर्षं मी तो एका मोठ्या कंपनीसाठी बनवला आणि त्यावर पाटी लागली त्यांची. एकदा मुंबईतल्या प्रदर्शनात त्यांच्या स्टॉलवर माझाच पंप ठेवलेला होता. टाय लावलेला एक पोरगा मला समजावून सांगत होता, की सर, ह्याला गळती का नाही. मी त्याला भाव विचारला. त्याने सांगितला तो ऐकून मी तिथेच एवढा आवाज चढवला, की सुरक्षारक्षक आले. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच होतं: माझ्या पंपावर माझ्या नावाची पाटी, आणि तो पंप देशाबाहेर. ही एवढी एकच हाव मी आयुष्यात धरली, असं मी म्हणेन. बाकीचे काय म्हणतात ते मला माहीत आहे.

मॅडम आल्या त्या आठवड्यात आमचं पहिलं भांडण झालं, ते कात्रीवरून.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात खाली एक चौकट असते. माल कोणासाठी, कशासाठी, कोणी काढलं, सगळं त्यात. ते ड्रॉइंग एकाकडून दुसऱ्याकडे जॉबवर्कला जाताना मधला माणूस तो कोपरा कापून टाकतो, म्हणजे खालच्याला वरच्या गिऱ्हाइकाचा पत्ता लागत नाही आणि तो थेट त्याच्याकडे जात नाही. मला आलेली ड्रॉइंगं अशीच कोपरा कापून येत. मीही शहापूरच्या लेथवाल्याला पाठवताना कापूनच पाठवत असे. त्यासाठी माझ्या खुर्चीमागे खिळ्याला सुतळीने बांधलेली कात्री होती. कोणाला त्यात काही वावगं वाटत नसे. आम्ही सगळे वर्षानुवर्षं कशाचे ना कशाचे भाग बनवतो, आणि कशाचे ते आम्हाला माहीत नसतं.

एका सकाळी पाहिलं तर मॅडमनी केराच्या टोपलीतून माझे कापलेले कोपरे गोळा केले होते, पट्टीने दाबून सरळ केले होते आणि वहीत चिकटवत होत्या.

"हे काय चाललंय?"

"मानसाचं डोकं कापून धड तेवढं शहापूरला पाठवता तुमी. डोकी तरी जपून ठेवते."

"मॅडम, धंदा आहे हा. तुमचं सरकारी स्टोअर नाही."

"तिथं बाँबचं कवच तपासत होते, शेठ. पन हे बाँबचं कवच हाय, हे मला म्हाईत होतं. ते कुठं जानार ते पन म्हाईत होतं. हितं मला सांगा, ही चकती कशाची हाय?" त्यांनी टेबलावरची एक चकती उचलली. दुसऱ्या एका पार्टीचं जॉबवर्क होतं ते. मला माहीत नव्हतं. आठ वर्षं ती चकती मी बनवत होतो.

मी काय करणार? ओरडलो. मला उत्तर नसलं की मी ओरडतो. त्यांनी माझं ओरडणं संपेपर्यंत पेनाचं टोपण लावून ठेवलं, संपल्यावर काढलं, आणि पुढचा कोपरा चिकटवला.

मग त्यांचं ते रजिस्टर सुरू झालं. प्रत्येक पंपाचा नंबर, गिऱ्हाईक, आणि तिसरा रकाना: "कुठे बसला". तो भरण्यासाठी त्या गिऱ्हाइकांना फोन करत. "नमस्कार, मुरबाडवरून उबाळे बोलते. आमचा पंप कुठं बसवलात? नाय, तक्रार नाय. फक्त कुठं बसला ते सांगा." लोक वैतागत. एक जण मला म्हणाला, "घोलप, तुझ्याकडची बाई आमची चौकशी करते की काय?" पण त्याच फोनमुळे एकदा कळलं, की आम्ही साबणाच्या पाण्यासाठी म्हणून दिलेला पंप एका मुलामा देणाऱ्या कारखान्यात कडक ॲसिडवर लावला होता. आतलं रबर महिनाभरात विरघळलं असतं. मॅडमनी माझ्याशी न बोलता आमच्या फिटरला दुसरा पंप देऊन पाठवला. मी म्हटलं, "त्यांची चूक, भुर्दंड मला?" त्या म्हणाल्या, "त्या पंपाजवळ मानूस उभा असतो." एवढंच. लाल रेघ मारली.

साठे नावाचा एजंट आमच्याकडे आला तो त्यानंतर. ठाण्याचा, गोडबोल्या, बुटाला धूळ नाही. दुबईच्या एका व्यापाऱ्याला चाळीस पंप हवेत म्हणाला. आमचे नेहमीचे प्लास्टिकचे नाहीत. आतून एका खास मिश्रधातूचे, जो कुठल्याही ॲसिडला दाद देत नाही आणि ज्याचं नाव काढलं तरी घाम फुटतो इतका महाग असतो. आणि पाटी? "पाटी तुमचीच, घोलपसाहेब. मेड इन इंडिया, घोलप पंप्स, मुरबाड."

मी भाव सांगितला. उतरायला जागा राहावी म्हणून चढवूनच सांगितला, जसा नेहमी सांगतो. साठे म्हणाला, "चालेल."

मी घासाघीस करून वर आलेला माणूस. "चालेल" हा शब्द मी गिऱ्हाइकाच्या तोंडून पहिल्या भावाला कधीच ऐकला नव्हता. तेव्हाच माझ्या मानेवरचे केस उभे राहायला हवे होते. राहिलेही असतील. पण मला डोळ्यासमोर पाटी दिसत होती.

चहा आला. मॅडम आपल्या टेबलावरून उतरून आल्या आणि साठ्यांसमोर उभ्या राहिल्या. "साहेब, पंप कुठं बसनार?"

"दुबईला, मॅडम."

"दुबईत कुठं?"

"गोडाऊनला जाणार आधी."

"गोडाऊनमधी पंप काय करनार? झोपनार?"

साठे हसला. मी नाही हसलो. त्याने बॅगेतून गिऱ्हाइकाच्या माहितीची शीट काढून दिली. तिचा उजवा कोपरा कापलेला होता. मॅडमनी ती माझ्यासमोर धरली. साठे म्हणाला, "निर्यातीच्या फॉर्ममध्ये वापर म्हणून पाणी शुद्धीकरण लिहा. सगळे तेच लिहितात."

"पान्याला एवढा महागाचा धातू?" मॅडम म्हणाल्या. "पानी तर प्लास्टिकमधून पन जातं."

साठे गेल्यावर मॅडमनी मला समजावून सांगितलं, आणि ते मी पहिल्यांदा ऐकलं. ज्या मालाचा युद्धातही उपयोग होऊ शकतो अशा मालाची सरकारने यादी केलेली आहे. तो बाहेर पाठवायचा तर परवाना लागतो, आणि शेवटचा वापर करणारा कोण हे लिहून द्यावं लागतं. त्या यादीत बंदुका आहेत हे कोणीही समजेल. पण त्यात अशा धातूचे, न गळणारे पंपही आहेत. कारण ॲसिड ओढणाऱ्याला जसा थेंब गळायला नको असतो, तसाच तो विषारी वायू बनवणाऱ्यालाही नको असतो.

"अहो, मी मुरबाडला बसून पंप बनवतो," मी ओरडलो. "माझा आणि युद्धाचा काय संबंध?"

"तुमचा नाय. पंपाचा हाय."

त्यानंतर मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. स्टेपलर भिंतीवर आपटला. माझी बारा वर्षं, माझी पाटी, एका म्हातारीच्या हट्टापायी जाणार म्हणालो. उद्यापासून येऊ नका म्हणालो. लेथ बंद पडले, पोरं बघत राहिली. मॅडमनी तोवर फॉर्म भरून संपवला. वापराच्या रकान्यात लिहिलं होतं: "विचारले. सांगितले नाही." खाली सहीची जागा मोकळी. पिशवी घेतली, छत्री घेतली आणि गेल्या.

मी नवा फॉर्म छापला. पाणी शुद्धीकरण लिहिलं. सही केली. शिक्का मारायला गेलो तर शिक्क्याच्या ड्रॉवरला कुलूप, आणि किल्ली मॅडमच्या पिशवीत.

ड्रॉवर फोडायला पक्कड पुरली असती. का फोडला नाही हे मला आजही नीट सांगता येणार नाही. मला वाटतं, मला भांडायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मोटरसायकल काढली आणि शहापूरमार्गे खर्डी गाठली. रस्ताभर एकेक वाक्य तयार करत गेलो. ती हे म्हणेल, मी ते म्हणेन.

भाताची झोडणी चालू होती. मॅडम खळ्यात भावाच्या सुनेबरोबर पेंढा उचलत होत्या, पदर खोचलेला, केसांत भुसा. मला बघून जराही दचकल्या नाहीत. "आलास? बस." वर्कशॉपमध्ये मी शेठ आणि तुमी, पण स्वतःच्या अंगणात मी त्यांच्यापेक्षा वयाने लहान, म्हणून तू. हा बदल त्यांनी त्या एका क्षणात केला, आणि पुढेही तसाच पाळला.

"किल्ली," मी म्हटलं.

त्या आत गेल्या, किल्ली आणून माझ्या हातावर ठेवली. "घे. शिक्का तुझाच हाय. मी काल विसरून आनली."

संपलं. माझी सगळी वाक्यं तोंडात राहिली. समोरचा ताणेल तरच मला ओढता येतं, आणि बाईंनी दोरीच सोडून दिली होती. मी उभाच राहिलो. त्यांनी सुनेला चहा ठेवायला सांगितलं. ओटीवर बसलो. आत भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली झेंडूची दोन फुलं.

"तुमचं म्हणणं काय आहे ते तरी सांगा," मी शेवटी म्हटलं.

"माझं काय म्हननं असनार?" त्यांनी केसांतला भुसा काढला. "माझा आजा सरकारी बोचकं उचलायचा. गावकीचं काम. कोनी तरी यायचा, अंगनात बोचकं टाकायचा, पुढच्या गावाला पोचव म्हनायचा. पावसात, थंडीत, कधी पन. त्यात काय हाय, कोनाचं हाय, विचारायचं नाय. विचारलं तर फटका. कसाऱ्यापर्यंत जायचा चालत. आमी बौद्ध झालो तवा माझ्या बापानं पयलं काय केलं, म्हाईत हाय? कोनी तरी बोचकं आनून टाकलं अंगनात, आन् बाप बोलला, काय हाय ह्यात? सांगितलं तर उचलतो."

"मग?"

"मग काय. मारला त्याला. पन बोचकं नाय उचललं. मला शाळेत घातलं ते त्याच्यापायी."

चहा आला. टोकावड्याला माझ्या आजोबांच्या वेळी असली बोचकी कोणाच्या अंगणातून निघायची आणि कोणाच्या डोक्यावर चढायची, हे मी लहानपणी ऐकलेलं होतं. मॅडमनाही ते माहीत असणार. मी कपातली साय बोटाने बाजूला केली.

"तू दुसऱ्याच्या पाटीखाली बारा वर्षं माल केलास," त्या म्हणाल्या, "तवा कुठं बसला ते त्यांनी बघायचं होतं. आता नाव तुझं पायजे तर बघायला पन तूच. मला नाय पटलं तरी शिक्का तुझा हाय. जा आता, ऊन चढेल."

शहापूरला चौकात मी मोटरसायकल थांबवली आणि साठ्यांना फोन लावला. म्हटलं, "साठे, एकच सांगा. पंप कुठे बसणार? कारखान्याचं नाव द्या, परवान्याला अर्ज करू, भाव कमी करतो." भाव कमी करतो हे मी आपणहून म्हटलं, आयुष्यात पहिल्यांदा.

तो म्हणाला, "घोलपसाहेब, तुम्हाला पंप विकायचेत की पोलिसगिरी करायचीय?" आणि फोन ठेवला.

ते चाळीस पंप दुसऱ्या राज्यातल्या एकाने बनवले. त्याच्या नावाची पाटी देशाबाहेर गेली, माझी नाही. त्याच्यावर धाड पडली नाही, काही झालं नाही. ते पंप कुठे बसले हे मला आजही माहीत नाही. कदाचित खरंच पाण्यावर बसले असतील. हा सल माझ्या मनातून गेलेला नाही आणि मी तो घालवायचा प्रयत्नही करत नाही. साठे आज समोर आला तर मी त्याला चहा पाजणार नाही.

पण त्याच संध्याकाळी मी शहापूरच्या लेथवाल्याला जायचं ड्रॉइंग बाहेर काढलं आणि कोपरा न कापता पाठवलं. तो घाबरला. फोन करून विचारलं, "शेठ, चुकून आला का कोपरा?" मॅडम तिसऱ्या दिवशी येऊन आपल्या टेबलावर बसल्या. मी माफी मागितली नाही, टेबलाच्या आखूड पायाखाली लाकूड मात्र घातलं. ते दीड वर्षं राहिलं होतं.

यानंतर काही महिन्यांनी दुसऱ्या बाजूने तोच प्रकार आला, आणि या वेळी मी खालच्या टोकाला होतो. आमची लोहचुंबकं चीनमधून येतात. छोटी, पण ताकदीची. तीच चुंबकं विमानांत लागतात, क्षेपणास्त्रांत लागतात. देशादेशांत व्यापारावरून ओढाताण सुरू झाली आणि त्यांच्या सरकारने सांगितलं, की चुंबक हवं असेल तर ते कशात बसणार, कोण वापरणार, लिहून द्या. सैन्यासाठी नाही याचा दाखला द्या. एका सकाळी माझ्या पुरवठादाराकडून दहा पानांचा फॉर्म आला. वाचता वाचता माझे कान तापले. हजारो मैलांवरचा माणूस मला मुरबाडात विचारतो, तुझा पंप कुठे बसणार!

मी वर बघितलं. मॅडम चष्म्यावरून माझ्याकडे बघत होत्या. हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार.

"ह्यांचा काय संबंध, म्हनायचं असेल तर म्हना एकदा," त्या म्हणाल्या. "मग भरू."

वसाहतीतले बाकीचे दोन पंपवाले त्या फॉर्मपाशीच अडकले. त्यांचा माल मधल्या व्यापाऱ्यांकडून जाई, पुढचं त्यांना माहीत नव्हतं. व्यापारी सांगेनात. मॅडमनी रजिस्टर उघडलं आणि चार दिवसांत प्रत्येक पंपाची जागा लिहून काढली. दूध डेअरीची धुलाई, कापड रंगवणं, दवाखान्याचं सांडपाणी, मुलामा देणारे तीन कारखाने. कागद गेले. तरी चुंबकं यायला चार महिने लागले आणि मागितली त्याच्या निम्मीच आली. मधल्या काळात आम्ही आठवड्यातले तीन दिवस काम केलं, आणि त्या तीन दिवसांत मी सहा दिवसांचं ओरडलो. पण वर्कशॉप बंद पडलं नाही. शेजारच्या एका पंपवाल्याने रजिस्टर बघायला मागितलं, तेव्हा मॅडमनी त्याच्यासमोर स्टूल ठेवलं आणि रकाने कसे आखायचे ते शिकवलं. मी म्हटलं, "मॅडम, तो आपला प्रतिस्पर्धी आहे." त्या म्हणाल्या, "म्हनून तर. त्याच्या पंपाजवळ पन मानूस उभाच असतो ना?"

त्याच वर्षी केनियातल्या एका चामडं कमावणाऱ्या कारखान्याने थेट चौकशी केली. आमचे साधे प्लास्टिकचे पंप, दोनच नग. मॅडमनी पहिल्याच ई-मेलमध्ये माझ्याकडून तोच प्रश्न लिहवून घेतला, आणि तिकडच्या इंजिनिअरने न मागता हौदांचा नकाशा पाठवला, कुठला पंप कुठे बसणार त्यावर खुणा करून. कोपरा शाबूत होता. तरीही परवाना लागतो का, हे आम्ही सरकारला रीतसर विचारलं. ह्या पंपाला परवाना लागत नाही, एवढं एक ओळीचं उत्तर यायला तीन महिने लागले. त्या तीन महिन्यांबद्दल मी वेगळं लिहीन, तेव्हा कोणी मला आवरू नये. मॅडम मात्र त्या ओळीखाली लाल रेघ मारून म्हणाल्या, "आलं ना? झालं तर."

दोन पंप गेले. पाटी माझी. पेटी बंद होण्याआधी मी पाटीवरून हात फिरवला तेव्हा मॅडम खोक्यावरचा पत्ता तिसऱ्यांदा तपासत होत्या. त्यानंतर दोनेक महिन्यांनी त्यांच्या गुडघ्यांनी एसटीची पायरी चढायला नकार दिला, आणि त्यांनी येणं थांबवलं. निरोपसमारंभ मी ठरवला होता, नारळ आणि शालसुद्धा आणली होती. त्या आदल्या दिवशीच रजिस्टर माझ्या टेबलावर ठेवून गेल्या.

केनियाहून व्हिडिओ आला तो उन्हाळ्यात. पंप बसला होता, चालू होता, आणि पाटी अशी चकचकत होती की मी ती वर्कशॉपमधल्या प्रत्येकाला दोनदा दाखवली. मग मोटरसायकल काढली आणि खर्डीला गेलो.

मॅडम शेतात होत्या. भाताच्या रोपांसाठी राब भाजायचं काम चाललं होतं. वाफ्यावर पालापाचोळा पसरून पेटवलेला, धूर खालून सरपटत होता. त्या बांधावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून काठीने सुनेला दाखवत होत्या, इथं ओढ, तिथं सोड. हात राखेने काळे झालेले, म्हणून मोबाईल मीच त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. चष्मा मी माझ्या रुमालाने पुसून त्यांच्या नाकावर ठेवला.

व्हिडिओ सुरू झाला. पाटी आली तशी मी ती मोठी करायला बोटं पसरली.

"थांब, थांब. मागं घे."

मी मागे घेतलं.

"तो मानूस दाखव."

पंपाच्या बाजूला एक उंच तरुण उभा होता. व्हिडिओ काढणाऱ्याकडे बघून हसत होता, एक हात पंपावर. मला तो आतापर्यंत दिसलाच नव्हता.

"पायात काय हाय त्याच्या?"

मी चित्र मोठं केलं. रबरी चपला होत्या.

"ॲसिडच्या पंपाशेजारी चपला?" मॅडम खुर्चीत सरळ झाल्या. "कोन तो इंजिनिअर? नकाशा एवढा चांगला पाठवला, आन् ह्याच्या पायाकडं बघितलं नाय? लिव त्याला. बूट द्या म्हनावं, गुडघ्यापर्यंतचे."

"लिहितो. मॅडम, माझी पाटी तरी बघा."

"बघितली. सरळ बसवलीय. आधी लिव."

मी बांधावर उभ्या उभ्या, धुराने डोळे चोळत, माझ्या मोडक्या इंग्रजीत ते लिहिलं आणि पाठवलं.

"गेलं?"

"गेलं."

"त्याचं नाव पन विचार," त्या म्हणाल्या, आणि काठी उचलून सुनेला ओरडल्या, की वारा फिरलाय, त्या बाजूला आधी पाणी शिंपड.